डावीकडची सेंटर

आमच्या मुलीला इंग्लंडमध्ये रग्बी खेळण्याचा पगार मिळत होता, ही गोष्ट मी नातेवाइकांपासून तीन वर्षं लपवून ठेवली. त्याला फार हुशारी लागली नाही. "मास्टर्सला गेलीये" म्हटलं की आपल्या लोकांचं समाधान होतं. मास्टर्स एका वर्षात संपलं, तेव्हा मी "रिसर्च चाललाय" म्हणायला लागले. रिसर्च कधी संपतो हे करणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे तो शब्द फार सोयीचा पडला.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये राहतो. मी मूळची सांगलीची, नवरा नागपूरचा. दोघंही इंजिनियर, दोघंही तेलाच्या धंद्यात. माझं काम सेफ्टीचं. म्हणजे प्लँट उभा राहण्याआधी त्यात काय काय फुटू शकतं, गळू शकतं, पेटू शकतं याची यादी करायची आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं ते प्रत्येक ओळीसमोर लिहायचं. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. मुलगी सायकल शिकत होती तेव्हा तिच्या कोपरांना, गुडघ्यांना, मनगटांना मी इतकं काय काय बांधलेलं असायचं की शेजारच्या काकूंनी एकदा तिला थांबवून "कुठे लढाईला निघालीस गं?" असं विचारलं होतं.

शाळेत ती चारशे मीटर पळायची. पळण्यात कोणी कोणाला हात लावत नाही म्हणून मला तो खेळ पसंत होता. मग ती कॉलेजला गेली, स्टॅटिस्टिक्स घेतलं, आणि दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एका शनिवारी डाव्या डोळ्याखाली जांभळा डाग घेऊन जेवायला बसली.

"हे काय झालं?"

"आई, आय जॉइन्ड अ टीम. इट्स फाइन. आमटी दे ना."

झालं होतं असं, की उत्तर इंग्लंडमधली एक बाई नवऱ्याच्या नोकरीपायी ह्यूस्टनला आली होती. तिकडे ती रग्बीची कोच होती. इथे घरात बसून कंटाळली म्हणून तिने बायकांची एक टीम उभी केली. जो रग्बी इथे कॉलेजात खेळतात तो पंधरा जणींचा. हा तेरा जणींचा, रग्बी लीग, तिच्या गावाकडचा. तिने आमच्या मुलीला पळताना पाहिलं आणि म्हणाली, ही सेंटर होईल.

पहिली मॅच आम्ही बघितली ती जुलै महिन्यात, सकाळी दहाला, एका पब्लिक पार्कमध्ये. मी बरोबर घडीच्या खुर्च्या, सनस्क्रीन, मीठ-साखर-लिंबाचं पाणी, बर्फाची पेटी आणि जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता घेऊन गेले होते. प्रेक्षक आम्ही दोघं, आणखी चार-पाच नवरे आणि एक कुत्रा. खेळ कळायला वेळ लागला नाही. बॉल घेऊन पुढे पळायचं, समोरच्या तिघी-चौघी अंगावर येऊन पाडतात, पडलेलीने उठून बॉल पायाने मागे सरकवायचा, की पुन्हा तेच. सहा वेळा पाडून झालं की बॉल दुसऱ्या टीमला.

"सेंटर म्हणजे मध्ये असते ना?" नवऱ्याने विचारलं. "ही तर कडेला आहे."

ते खरंच होतं. या खेळात सेंटर मध्ये नसते, कडेच्या खेळाडूच्या एक घर आत असते. तिचं काम असं, की बॉल घेऊन समोरचीच्या अंगावर जायचं, तिला आपल्याकडे ओढायचं, आणि ती अंगावर आदळण्याच्या अर्धा क्षण आधी बॉल कडेच्या मुलीला द्यायचा. कडेची मुलगी मोकळी पळत जाऊन पॉइंट मिळवते, सगळे तिच्या गळ्यात पडतात. सेंटर तोवर जमिनीवर असते. हे मला त्या कोचबाईंनी हाफटाइमला फार कौतुकाने समजावून सांगितलं. मी मनात म्हटलं, हे तर आमच्याकडच्या थोरल्या सुनेचं काम. त्यासाठी हिला अमेरिकेत कशाला जन्माला घातलं?

मला वाटलं, डिग्री झाली की हे सुटेल. शेवटच्या वर्षी तिला डॅलसजवळ प्लेनोच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली. कंपनीचा कँपस एवढा, की आत तळं आणि तळ्यात बदकं. आम्ही दोघं शेजारच्या फ्रिस्को गावात अपार्टमेंटही बघून आलो. आणि मे महिन्यात ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कोचने तिच्या जुन्या क्लबला माझे व्हिडिओज पाठवले होते. दे वॉन्ट मी. प्रोफेशनल."

"प्रोफेशनल म्हणजे?"

"म्हणजे पैसे देतात, आई."

"पैसे प्लेनोवालेही देतायत. वर बदकं आहेत."

ती हसली नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाजी चिरत होता आणि चिरतच राहिला. शेवटी मीच तोडगा काढला. जायचं तर जा, पण तिकडे मास्टर्सला ऍडमिशन घे. तिने लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की तिने फॉर्म आधीच भरून ठेवला असावा असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं.

तिच्या मॅचेस रविवारी असायच्या, तिकडे दुपारी तीनला, म्हणजे आमच्याकडे सकाळी नऊला. नवरा पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर बसायचा. मी बसू शकत नसे. मी आतल्या लाँड्रीच्या खोलीत धुतलेले कपडे घड्या करत उभी राहायचे आणि बाहेरून लोकांचा "ओऽऽ" असा आवाज आला की विचारायचे, "उठली का?"

"उठली."

पुन्हा "ओऽऽ".

"उठली का?"

"अगं ती नव्हती, दुसरी होती. उठली तीही."

त्या वर्षी आमच्या घरात इस्त्री न केलेला एकही पंचा उरला नव्हता.

हळूहळू मी दारापर्यंत आले, मग सोफ्याच्या मागे उभी राहिले, आणि दुसऱ्या सीझनला सोफ्यावर बसले. बसले तशी मला एक गोष्ट दिसायला लागली. समोरची टीम आमच्या बाजूने हल्ला करत आली की आमची मुलगी घाई करून आतल्या खेळाडूवर धावायची. तेवढ्यात बॉल बाहेर जायचा, मग ही मागे वळून हात लांब करून पाडायला जायची, आणि दर वेळी तिचं डोकं नको त्या बाजूला, समोरचीच्या मांडीसमोर यायचं. मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसण्याचा पगार मिळत नाही. मी ऑफिसात करते तसा तक्ता केला: काय बिघडतं, कशामुळे, त्याने काय होईल, उपाय काय. आठ ओळींचा. शेवटच्या ओळीत उपाय म्हणून "खेळ सोडणे" असं लिहिलं आणि तिला पाठवून दिला.

दोन दिवसांनी तिचा फोन. "आई, मी ते कोचला दाखवलं."

"अगं! कशाला?"

"शी सेज यू आर राइट. तिने ते ड्रेसिंग रूममध्ये लावलंय. लास्ट लाइन कट केलीये."

अशा रीतीने मी माझ्या मुलीचा खेळ सुधारायला मदत केली आणि तिचं तिकडचं कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं.

पुढच्या, तिसऱ्या सीझनला आम्ही तिच्याकडे जाऊन आलो. लाल विटांच्या घरांचं छोटं गाव, पाऊस नसला तरी ओलं. प्रोफेशनल या शब्दाचा खरा अर्थ मला तिथे कळला. ती सकाळी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, दुपारी झोपायची आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला जायची. तिघी मुली एका घरात राहायच्या आणि त्यांच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात फक्त बर्फाच्या पिशव्या होत्या. त्यांतल्या एका मुलीला मी मसालेभात करून घातला तर ती तीन वेळा घेऊन मला म्हणाली, तुमच्या मुलीने आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही फार कडक आहात.

मॅचला माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर ग्रेव्हीत बुडवलेली मीट-पाय, म्हणजे मटण भरलेली मोठी कचोरी. त्यांनी मला विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी म्हटलं, हो. तेव्हा त्यांनी बोटाने दाखवून सांगितलं, "ती चार नंबरची बघा. डावीकडची सेंटर. टेक्सासची आहे म्हणे. या पोरीसारखी सेंटर आमच्याकडे खूप वर्षांत झाली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त टॅकल जरा उंच करते, पाडताना समोरचीला फार वर धरते."

"उंच नाही करत," मी म्हटलं. "मागच्या सीझनला करायची. आता कमरेखाली जाते. नीट बघा."

त्यांनी मीट-पाय बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. मी तिची आई आहे हे मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर रिसर्च फुटला. झालं असं, की मुलीचा नाकातून रक्त येत असताना खदाखदा हसतानाचा व्हिडिओ क्लबने कुठेतरी टाकला आणि तो फिरत फिरत नागपूरला माझ्या नणंदेच्या फोनवर जाऊन पोहोचला. नणंद शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झालेला नाही.

"वहिनी, हा कसला रिसर्च?"

मी खरं ते सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. मला वाटलं, आता मुलीचं लग्न, मुलीचा चेहरा, आमचे संस्कार असं ओळीने येणार.

"आम्ही काय परके आहोत का?" ती म्हणाली. "तीन वर्षं पोरगी टीव्हीवर खेळतेय आणि तुम्ही आम्हाला सांगत नाही? मॅच किती वाजता असते?"

नऊला, म्हणजे नागपुरात संध्याकाळी साडेसात. पुढच्या रविवारपासून नणंदेच्या हॉलमध्ये तिच्या सोसायटीतल्या सहा बायका जमायला लागल्या. पहिल्याच मॅचनंतर तिने मला फोन करून रेफरी आंधळा असल्याचं कळवलं. तीन वर्षं मी ज्या लोकांपासून ही गोष्ट वाचवत होते त्यांना ती इतकी आवडेल याचा मला थोडा रागच आला. मग मी एकटीने इतकी वर्षं घड्या कसल्या घातल्या?

पाचवा सीझन. तोपर्यंत तिच्या डोक्याला दोनदा मार बसून गेला होता. दोन्ही वेळा काही आठवडे बाहेर बसून ती परत खेळली होती. त्या रविवारी मी सोफ्यावरच होते. तिने समोरचीला व्यवस्थित पाडलं, अगदी कमरेखाली, डोकं योग्य बाजूला. तक्त्याप्रमाणे. पण मागून तिच्याच टीमची मुलगी मदतीला आली आणि तिचा गुडघा हिच्या कानामागे लागला. ती उठली. उठून चालायला लागली, आणि चालत चालत समोरच्या टीमच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आपल्याच गोलाकडे तोंड करून. एका मुलीने तिचा हात धरून तिला वळवलं तेव्हा ती त्या मुलीला "थँक्स" म्हणाल्याचं ओठांवरून दिसलं.

नवऱ्याने बशी खाली ठेवली.

सहा आठवड्यांनी ती घरी आली. घरातही गॉगल लावून बसायची. उजेड सहन होत नव्हता. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी तिचे कागद वाचले, तपासलं आणि शांतपणे सांगितलं, की आता खेळायचं नाही.

पाच वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. देवाजवळ मागितलं होतं म्हटलं तरी चालेल. आणि ते ऐकल्यावर मी काय केलं? मी डॉक्टरांशी वाद घातला. "कधीच नाही म्हणजे? एक सीझन गॅप घेतला तर? आणि हा मार तर तिच्या चुकीने नव्हता, दुसऱ्या मुलीचा गुडघा होता." डॉक्टर म्हणाले, मेंदूला चूक कोणाची हे कळत नाही. मी तेव्हाच पार्किंगमध्ये उभी राहून डॅलसच्या दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

त्या मंगळवारी मी तिला घेऊन निघाले. सव्वाचार तासांचा रस्ता. दोन तास झाल्यावर तिने सीट जरा सरळ केली.

"आई, तुझ्या प्लँटमध्ये एकच अलार्म तीनदा वाजला तर तू काय करतेस?"

"ते वेगळं आहे."

"काय करतेस, सांग ना."

"युनिट बंद करते."

"मग मॅनेजर म्हणाला, अजून एक सीझन चालू दे, तर?"

ट्रकच्या मागे ट्रक होते, मी मुद्दाम सगळं लक्ष त्यांच्याकडे दिलं. थोड्या वेळाने ती मराठीत म्हणाली, तिच्या त्या जरा थांबत थांबत येणाऱ्या मराठीत, "मला नाही खेळायचं आता. मला भीती वाटली. त्या दिवशी मला कुठे उभं राहायचं तेच कळत नव्हतं. तू का रडतेस? तू तर हेट करायचीस ना हे सगळं?"

"करायचे."

"मग?"

"मग काय. सवय झाली होती."

अपॉइंटमेंट कॅन्सल केली नाही, कारण इतक्या लांब आलो होतो. डॅलसच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त कमी वेळात. मग आम्ही फ्रिस्कोला थांबून एका आपल्याकडच्या हॉटेलात डोसा खाल्ला. तिने गॉगल काढला, खिडकीकडे पाठ करून बसली आणि दुसरा डोसा मागवला. येताना ती पूर्ण रस्ता झोपली. मी रेडिओ लावला नाही.

डोकेदुखी जायला सात-आठ महिने लागले. मग तिने पुन्हा अर्ज केले. पाच वर्षांपूर्वी जिने बोलावलं होतं त्या कंपनीने आता बोलावलं नाही, शेजारच्या कंपनीने बोलावलं. तीही प्लेनोतच. मुलाखत घेणारा आपल्याकडचाच कोणीतरी होता. त्याने तिच्या अर्जावर "प्रोफेशनल रग्बी लीग, सेंटर, पाच वर्षे" असं वाचून विचारलं, "हे सेंटर ऑनसाइट होतं की रिमोट?" ती म्हणाली, ऑनसाइट. त्याने मान डोलावली आणि नोकरी दिली.

आता ती विम्याचे आकडे बघते. रग्बी बघत नाही. ती रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर मातीची भांडी करायला जाते. तिच्या जागी चार नंबरला कोण आलंय हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे, पण मी विषय काढत नाही.

नोकरीला दोन महिने झाले तेव्हा भर दुपारी तिचा फोन आला. "आई, घाबरू नको. मी पडले."

ऑफिसच्या लॉबीत नुकतीच फरशी पुसली होती. तिच्या एका हातात कॉफी, दुसऱ्यात लॅपटॉप. उजवं मनगट मोडलं. पाच वर्षं अंगावर माणसं घेतली त्यात, मला माहीत होतं त्याप्रमाणे, एकही हाड मोडलं नव्हतं. शुक्रवारी मी गाडी काढून तिच्याकडे गेले. कंपनीतून एक तरुण मुलगी घरी फॉर्म घेऊन आली होती. तिचा चेहरा असा, की तिनेच ढकललं असावं. ती पाच वेळा सॉरी म्हणाली, फुलं ठेवली आणि फॉर्म सावकाश भरा, सोमवारी दिलात तरी चालेल असं सांगून गेली.

मुलीला उजव्या हाताने लिहिता येत नव्हतं, म्हणून मी टेबलापाशी पेन घेऊन बसले. नाव, पत्ता, तारीख, किती वाजता, कुठे. मग एक प्रश्न होता: याआधी कामाच्या ठिकाणी कधी इजा झाली आहे का? असल्यास तपशील द्या. आणि खाली एकच ओळ.

मी वाचून दाखवलं. ती इतकी हसली की प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून सोफ्यावर आडवी झाली.

"लिही. नाक, दोनदा."

लिहिलं.

"डोकं, तीनदा. अंगठा. डावा खांदा, सेकंड सीझन."

"खांद्याचं मला माहीत नव्हतं."

"तुला सांगितलं नव्हतं. बरगडी."

"बरगडी? मोडली होती?"

"दोन. तुम्ही आला होतात ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. आय प्लेड विथ टेप."

मी पेन खाली ठेवलं. मसालेभात, शेजारचे म्हातारे गृहस्थ, चार नंबर, सगळं डोळ्यांसमोर आलं. त्या वेळी मी तिला स्टेशनवर घट्ट मिठी मारली होती, आणि ती "हळू, आई" म्हणाली होती. मला वाटलं होतं, मैत्रिणींसमोर लाजतेय.

"अजून काय काय सांगितलं नाहीस?"

"ओळ संपली का?"

"कधीच संपली. मी समासात लिहितेय."

"मग मागच्या बाजूला लिही," ती म्हणाली आणि उशी पाठीशी घेऊन नीट बसली. मी कागद उलटला.